फ्यूजच्या जागी तार : जुन्या गाडीच्या वायरिंगमधून विद्युत परिपथाचा पाठ



आमच्या शाळेत सातवी-आठवीचं विज्ञान माझ्याकडे आहे. दरवर्षी मी फळ्यावर एक वाक्य लिहिते, ‘फ्यूज उडाल्यास त्या जागी साधी तार लावू नये.’ मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. मी त्यावर पूर्ण गुण देते. आणि गेल्या पावसाळ्यात मीच माझ्या गाडीत ती तार लावू दिली. तेव्हा मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली होती.

हा लेख त्या रात्रीबद्दल आहे, आणि त्यानंतर मी वर्गात घेतलेल्या पाठाबद्दल आहे. गाडी नसणाऱ्यांनीही वाचावा, कारण घरातल्या विजेलाही हेच नियम लागू होतात.

काय घडलं?

गाडी म्हणजे वडिलांनी २००३ साली घेतलेली डिझेल एसयूव्ही. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण वायरिंगवर वीस वर्षांत अनेकांचे हात फिरलेत. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे परत येत होतो. आंबा गावाच्या अलीकडे दाट धुकं लागलं म्हणून हेडलाइटच्या जोडीला फॉग लॅम्पही लावले. काही वेळाने पुढचे सगळे दिवे एकदम गेले.

रस्त्याकडेला एका टपरीजवळ थांबले. तिथल्या मुलाने उडालेला फ्यूज काढून दाखवला. जादा फ्यूज माझ्याकडे नव्हता. त्याने वायरचा तुकडा सोलला, आतली तांब्याची तार फ्यूजच्या दोन्ही पायांना गुंडाळली आणि फ्यूज परत बसवला. दिवे लागले. मी त्याचे आभार मानले आणि निघाले.

आंबा घाटातली दोन-तीन वळणं उतरले असेन, तेवढ्यात प्लास्टिक जळल्याचा वास आला. डॅशबोर्डखालून धूर येत होता. गाडी बाजूला घेतली, इंजिन आणि दिव्यांचा स्विच बंद केला, मुलीला उचलून बाहेर काढलं. नशीब असं, की जळत होता तो जोड स्विचच्या पुढे होता. स्विच बंद होताच विद्युतधारा थांबली आणि धूरही थांबला. जोड स्विचच्या अलीकडे असता तर स्विच बंद करून काहीही झालं नसतं. बॅटरीची वायर काढावी लागली असती, आणि माझ्याकडे पाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून तालुक्याच्या गावी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. त्यांनी ती तार बघितली आणि एवढंच विचारलं, “मॅडम, फ्यूज का उडाला, हे कोणाला विचारलंत का?”

मी गप्प. ते म्हणाले, “फ्यूज उडाला म्हणजे गाडीने तक्रार केली. तुम्ही तिचं तोंड बांधलंत.”

आधी गणित करू

हा भाग मी मुलांकडून फळ्यावर करून घेतला. तुम्हीही घ्या. सूत्र एकच : विद्युतधारा (अँपिअर) = शक्ती (वॅट) ÷ विभवांतर (व्होल्ट).

हेडलाइटचा डिपर ५५ वॅटचा. असे दोन, म्हणजे ११० वॅट. फॉग लॅम्पही ५५ वॅटचे दोन, आणखी ११० वॅट. एकूण २२० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. २२० ÷ १२ = १८.३ अँपिअर. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे विभवांतर १४ व्होल्टच्या आसपास जातं, त्यामुळे प्रत्यक्षात धारा याहून थोडी जास्तच असते.

आणि फ्यूज किती अँपिअरचा? निळा, म्हणजे १५.

गाडीच्या पात्याच्या फ्यूजचा रंगच त्याची क्षमता सांगतो : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. वर्गात असे चार फ्यूज ठेवले तर मुलं रंग पटकन लक्षात ठेवतात.

कंपनीने हा फ्यूज फक्त हेडलाइटसाठी दिला होता. ११० वॅटला ९ अँपिअर लागतात, १५ चा फ्यूज पुरेसा. पुढे कधीतरी फॉग लॅम्प बसवताना कुणीतरी हेडलाइटचीच वायर मध्ये सोलली, फॉग लॅम्पची वायर तिला पीळ देऊन जोडली आणि वर टेप गुंडाळली. एका माणसाचं ओझं दोघांचं झालं, पण पाठ एकच राहिली. फ्यूजने आपलं काम अगदी चोख केलं होतं.

मग जळलं काय?

मुलांचा नेहमीचा समज असतो की फ्यूज दिव्याला वाचवतो. तसं नाही. फ्यूज वायरला वाचवतो. वायर जितकी धारा न तापता नेऊ शकते, त्याच्या आतला फ्यूज निवडतात. म्हणजे क्रम असा : दिव्याला लागणारी धारा सर्वांत कमी, फ्यूज त्याहून मोठा, आणि वायरची क्षमता फ्यूजहूनही मोठी. तांब्याची तार लावली की मधला पहारेकरीच गेला. आता सर्वांत कमकुवत जागा शोधून वीज तिथे उष्णता करणार.

ती जागा म्हणजे तो पीळ दिलेला जोड. कोकणातली दमट हवा लागून तांबं काळं पडलं होतं. समजा त्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम होता. उष्णता = धारेचा वर्ग × रोध. १८ × १८ × ०.१ = ३२ वॅट. घरगुती सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं! म्हणजे डॅशबोर्डखाली, प्लास्टिक आणि टेपच्या मध्ये, मी एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन घाट उतरत होते.

हे गणित फळ्यावर सुटलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

दोष शोधायचा कसा?

काकांनी जळलेला जोड लगेच बदलला नाही. आधी पूर्ण परिपथ तपासला. डावा हेडलाइट गेली दोन वर्षं मंद होता, तेही मी सांगितलं. त्यांची पद्धत मला गणिताच्या पायऱ्यांसारखी वाटली.

पहिली पायरी : बघा, विचारा, हात लावू नका. एकच दिवा बिघडलाय की दोन्ही? दोन्ही बिघडले असतील तर दोष सामाईक वाटेत, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा मुख्य वायरमध्ये. एकच असेल तर त्याच्या स्वतःच्या वाटेत, म्हणजे बल्ब, होल्डर किंवा बॉडी अर्थ.

दुसरी पायरी : बॅटरी. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो आधी साफ करायचा.

तिसरी पायरी : दिवा चालू ठेवून मोजा. हे फार महत्त्वाचं. दिवा बंद असताना खराब जोडातूनही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. अर्धवट तुंबलेल्या नळासारखं आहे हे. तोटी बंद असते तेव्हा दाब पूर्ण जाणवतो, उघडली की धार बारीक.

आमचे आकडे असे आले. दिवे चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, डाव्या बल्बच्या होल्डरवर १०.९. मग १.५ व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी बल्बच्या धन टोकाला : ०.६. नंतर एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी बल्बच्या अर्थला : ०.९. बेरीज बरोबर १.५. मुलांना ही बेरीज फार आवडली. वीज हरवत नाही, हिशेब लागतोच.

अर्थच्या बाजूला ०.९ म्हणजे दोष तिथेच जास्त. गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर नसते, गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट असतो. त्यामुळे अर्थचा बोल्ट गंजला की परतीची वाट अरुंद होते. काकांनी बोल्ट काढून खालचा पत्रा सँडपेपरने घासून चकचकीत केला, वायरला नवीन लग दाबून बसवला, घट्ट आवळून वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तेव्हा ०.०५. खर्च जवळजवळ शून्य. आणि दोन वर्षं मी ‘बल्बच हलके मिळतात’ म्हणून दोनदा बल्ब बदलले होते! फिलामेंटच्या बल्बला विभवांतर १० टक्के कमी मिळालं, तर प्रकाश साधारण ३० टक्के कमी होतो.

बदल करायचा तर रिले

फॉग लॅम्प मला हवेच होते, घाटाचा रस्ता आहे. पण आता त्यांना स्वतंत्र परिपथ दिला, रिले लावून. रिले मुलांना समजावणं सोपं आहे, कारण आठवीत विद्युत घंटा येते. दोन्हींत विद्युतचुंबकच काम करतो. छोट्या धारेने चुंबक तयार होतो, तो पट्टी ओढतो आणि मोठ्या धारेची वाट उघडतो.

रिलेच्या टोकांवर आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही चुंबकाच्या गुंडाळीची टोकं. एक अर्थला, दुसरं डॅशबोर्डवरच्या स्विचला. ३० क्रमांकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वीज येते, ८७ वरून ती दिव्यांना जाते. गुंडाळीला साधारण ०.१५ अँपिअर पुरतात. म्हणजे स्विचमधून ९ अँपिअरऐवजी ०.१५. स्विच तापायचा प्रश्नच मिटला. हेडलाइटलाही असाच वेगळा रिले लावला.

काकांनी पाळलेले चार नियम मी वहीत लिहून घेतले :

१. नवीन फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं.
२. फॉग लॅम्पला ९ अँपिअर लागतात, म्हणून फ्यूज १५ चा आणि वायर २.५ चौरस मिलिमीटरची.
३. पीळ देऊन टेप नाही. लग दाबून जोड, वर स्लीव्ह.
४. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराचं बूच. नाहीतर हादऱ्यांनी इन्सुलेशन घासून शॉर्ट होतं.

वर्गातली कृती

साहित्य : १.५ व्होल्टचे दोन-तीन घट, टॉर्चचा बल्ब, वायर, भांडी घासायच्या बारीक स्टील वूलचा एकच धागा, फरशीचा तुकडा. धागा फरशीवर ठेवून परिपथात जोडा. बल्ब लागेल. मग बल्बची दोन टोकं वायरने थेट जोडून शॉर्ट करा. धागा लाल होऊन तुटेल. ही कृती शिक्षकांनीच करायची, मुलं हातभर लांब, आजूबाजूला कागद-कापूस नको. नंतर धाग्याच्या जागी जाड तार लावली तर काय होईल, ते प्रत्यक्ष करू नका. मुलांना अंदाज लिहायला सांगा.

काळजी

गाडीच्या बॅटरीचा शॉक बसत नाही म्हणून ती निरुपद्रवी नाही. शॉर्ट झाल्यास तिच्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात. काम करण्याआधी अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या काढा. बॅटरी काढताना ऋण टोक आधी, लावताना ते शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीजवळ काडी-विडी नको. आणि एअरबॅगच्या किंवा संगणक असलेल्या नव्या गाड्यांत स्वतः वायर सोलू नका, जाणकाराकडे न्या.

शेवटी

पाठ संपताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, तुम्हाला माहीत होतं तरी तार का लावली?”

खरं तेच सांगितलं. अंधार होता, घाई होती, आणि दिवे लागल्यावर मला वाटलं काम झालं. उत्तर पाठ असणं वेगळं आणि अडचणीत ते आठवणं वेगळं. आता मी या धड्यावर ‘फ्यूजचे कार्य लिहा’ असा प्रश्न देत नाही. असा देते : ‘रात्र आहे, गाडीचा फ्यूज उडाला आहे, एक जण तार लावून देतो म्हणतो. तुम्ही काय कराल, आणि का?’ गेल्या वेळी एका मुलाने लिहिलं, ‘मी आधी फॉग लॅम्प बंद करीन, मग त्याच अँपिअरचा फ्यूज लावीन.’ मला त्या रात्री एवढं सुचलं असतं तर?

ती तार मी फेकली नाही. काळी पडलेल्या जोडासकट काड्यापेटीच्या डबीत वर्गाच्या कपाटात ठेवली आहे. गाडीच्या कप्प्यात आता पाच जादा फ्यूज आहेत.

पालकहो, आज संध्याकाळी मुलांना सोबत घेऊन तुमच्या गाडीचा फ्यूज बॉक्स उघडून बघा, फक्त बघा. कुठे तार दिसली, तर तिथे आधी कोणता फ्यूज होता आणि तो का उडाला होता, याचा शोध मुलांसोबतच घ्या.