सोसू नकोस, माप घे

नाशिक

चि. छोटीस,


वेरूळला सायकलनं जाऊन आल्यावर दोन दिवस धड बसता येत नव्हतं, हे तू परवा फोनवर सांगितलंस, तेही घरात कुणी ऐकू नये अशा हळू आवाजात. दुकानदार म्हणाला, ‘जेलचं कव्हर टाका, होईल सवय,’ आणि तू ते मान्यही केलंस. तुझी सोसण्याची ही तयारीच मला काळजीत टाकते. संभाजीनगर ते वेरूळ म्हणजे जेमतेम तीस किलोमीटर. तुझ्या मनात अजिंठा आहे, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास दोनशे. ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या ‘ब्रेव्हे’ या सायकल फेऱ्यांची पहिली पायरीही 200 किलोमीटरचीच असते आणि तिला साडेतेरा तास मिळतात. इतके तास दात-ओठ आवळून निघत नाहीत, आणि काढायची गरजही नाही.

सगळ्यात आधी दुखण्याचे दोन प्रकार ओळखायला शीक. आपण ज्यांवर बसतो ती कटीची दोन हाडं नव्या सीटवर पहिले काही दिवस ठणकतात. ते दुखणं सरावानं जातं. पण पुढचा मऊ भाग दुखणं, सुजणं, तिथली कातडी सोलवटणं, लघवीला जळजळणं किंवा तो भाग बधिर होणं याला सराव हा उपाय नाही. तिथं नसा आणि रक्तवाहिन्या दबत असतात. विशेषतः बधिरपणा आला की त्या दिवशीची राइड तिथंच थांबव. गाठ आली, ताप आला किंवा सूज उतरली नाही, तर सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सायकल चालवते हे स्पष्ट सांग.

आता सीटचं. शाळेच्या लेडीज सायकलला रुंद, स्प्रिंगची, गुबगुबीत सीट असते. सरकारच्या मानव विकास मिशनच्या योजनेत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. अशा सायकलवर पाठ ताठ ठेवून दोन-चार किलोमीटर जायचं असतं, सगळा भार मागच्या हाडांवर येतो, म्हणून ती रुंद सीट तिथं योग्यच आहे. तुझी सायकल वेगळी आहे. तिच्यावर तू पुढे झुकतेस, कटी पुढे कलते आणि तासन् तास पाय फिरतात. रुंद सीटच्या कडा मांड्यांना घासतात. मऊ गादीत हाडं खाली रुततात आणि गादीचा मधला भाग वर येऊन नेमका नको तिथं दाबतो. जेलचं कव्हर हेच करतं. लांबच्या प्रवासाला सीट थोडी कडक, पण हाडांच्या मापाची हवी. चप्पल कितीही मऊ असली तरी लहान-मोठी घेऊन आपण चालत नाही ना, तसंच हे.

ते माप घरीच निघतं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा आतून पन्हाळीदार पुठ्ठा घे. तो जिन्याच्या पायरीवर किंवा कडक स्टुलावर ठेव आणि पातळ कपड्यात त्यावर बस. टाचा उचल, कोपरं गुडघ्यांवर टेकव आणि थोडा वेळ जोर देऊन बस. उठल्यावर दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर खडू आडवा धरून हलकेच घास. दोन्ही खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोज. मध्यम झुकण्याला त्यात साधारण वीस ते तीस मिलिमीटर मिळव, म्हणजे सीटच्या मागच्या रुंदीचा अंदाज आला. फार खाली वाकून चालवत असलीस तर कमी मिळव, ताठ बसत असलीस तर जास्त. सीटवर 143, 155, 168 असे आकडे असतात, ते हीच रुंदी सांगतात.

बायकांच्या कटीची ठेवण बाळंतपणाच्या सोयीनं रुंद असते, म्हणून बसण्याची ही दोन हाडंही सरासरीनं पुरुषांपेक्षा एकमेकांपासून लांब असतात. पण सरासरी म्हणजे तू नव्हेस. उंच, धिप्पाड बाईची हाडं जवळ असू शकतात आणि तुझ्यासारख्या सडपातळ मुलीची लांब. त्यामुळे सीटचा गुलाबी रंग किंवा ‘विमेन्स’ हा शिक्का बघून पैसे देऊ नकोस. कुणाला पुरुषांसाठीची म्हणून विकली जाणारी सीटच बरोबर बसते.

मधे भोक किंवा खोल खाच असलेली सीट आज सर्रास मिळते. अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये खास बायकांसाठी सायकलींची कंपनी काढली आणि पुढे अशा खाचेच्या सीटही आणल्या. बायकांच्या तक्रारीवर इलाज निघाला तो एका बाईनं ती तक्रार खरी मानली म्हणून. मऊ भागावर दाब येत असेल तर आधी खाचेची सीट बघ. मात्र काहींना त्या खाचेच्या कडाच टोचतात. तसं झालं तर उथळ खळगा असलेली किंवा पुढचं टोक आखूड असलेली सीट बघ. ब्रूक्स कंपनीच्या कातडी सीटचं नावही तुझ्या कानावर येईल. ती हळूहळू बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते, पण त्याला वेळ लागतो आणि पावसात तिला झाकावं लागतं. पहिलीच सीट म्हणून मी ती तुला सुचवणार नाही.

सीट बदलण्याआधी तिची बैठक मात्र तपास, कारण कितीदा तरी दोष सीटचा नसतोच. उंची जास्त असेल तर पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कातडी घासते. टाच पेडलवर ठेवून ते अगदी खाली नेलंस की पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्यानं चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट आधी सपाट लाव, मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतंच. दाब पुढे वाटला तर टोक एखाद-दोन अंश खाली कर. जास्त खाली केलंस तर पुढे घसरशील आणि मनगटं भरून येतील. सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमानंही पूर्वी सीट जवळपास सपाटच ठेवावी लागे. 2016 पासून नऊ अंशांपर्यंत कल चालतो, आणि हा बदल घडण्यात ब्रिटिश संघानं महिला खेळाडूंच्या त्रासाबद्दल मांडलेल्या म्हणण्याचा वाटा होता.

हँडलकडेही बघ. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 48 सायकलपटू महिलांची पाहणी केली. ती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. हँडल सीटपेक्षा खाली असलं की मऊ भागावरचा दाब वाढतो आणि तिथली संवेदना कमी होते, असं त्यांना आढळलं. तुला काही शर्यत मारायची नाही. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा जरा वर घे आणि फार लांब वाटत असेल तर हँडल सायकलला जोडणारा स्टेम आखूड बसवून घे.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पॅडच्या शॉर्ट्सच्या आत निकर घालायची नसते, तिची शिवणच कातडी सोलते. शॉर्ट्स बायकांच्या मापाची घे. वरून सैल कुर्ता घातलास तरी काही बिघडत नाही. मराठवाड्याच्या उन्हात घाम धारांनी येतो, तेव्हा घासणाऱ्या जागी बिनवासाचं क्रीम किंवा व्हॅसलीन लाव आणि घरी आल्या-आल्या ओले कपडे बदल. शॉर्ट्स दर वेळी धुऊन उन्हात वाळव. जांघेतले केस वस्तऱ्यानं किंवा वॅक्सनं काढू नकोस, कात्रीनं कमी केलेस तर पुरे. रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटिश महिला सायकल संघाला तज्ज्ञांनी असाच सल्ला दिला होता, कारण ते केस घाम आणि घर्षण दोन्ही झेलतात. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासत असतील तर मेन्स्ट्रुअल कप वापरून बघ, पण आधी घरी आणि छोट्या फेरीला.

सीट आणलीस की परीक्षेसाठी आपल्या शहराभोवतीचे रस्ते पुरेसे आहेत. दुकानदाराला आधीच विचार, काही दिवस चालवून परत देता येईल का. जुन्या सीटची उंची दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करून ठेव. पहिल्यांदा दौलताबादपर्यंतच जा. मग घाट चढून खुलताबाद आणि खाली वेरूळ. चढाला माणूस नकळत सीटच्या टोकावर सरकतं, तिथं दाब कळतो. त्यानंतर पैठण, जाऊन-येऊन शंभर. तो रस्ता बराचसा सपाट आहे, म्हणून एकाच जागी बसून राहिल्याचा त्रास तिथं समजतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेडलवर उभी राहा, गतिरोधकावर तर राहाच. प्रत्येक फेरीनंतर कुठे दुखलं आणि कितव्या किलोमीटरला, हे वहीत लिही. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर गुण कशानं आला ते कळायचं नाही. पैठण निभावलं की मग चौक्याचा घाट, फुलंब्री, सिल्लोड आणि अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळ.

वेदांगी कुलकर्णी या मराठी मुलीनं 2018 मध्ये विशीच्या उंबरठ्यावर 159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटर सायकल चालवत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी 2022 मध्ये लेह ते मनाली अंतर 55 तास 13 मिनिटांत एकटीनं कापलं. मुलींचं शरीर लांबच्या सायकलीला बनलेलं नाही असं कुणी म्हणालं, तर ही दोन नावं सांग. शरीर समर्थ आहे, त्याला साजेशी सीट शोधणं तेवढं आपल्या हातात आहे.

शेवटचं सांगते. तुझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणींपैकी एखादी अचानक येईनाशी झाली, तर ती दमली असं गृहीत धरू नकोस. तिला बाजूला घेऊन विचार आणि तो पुठ्ठा तिलाही दे. आपण बायका लाजेपायी गप्प राहतो आणि चांगली चालणारी सायकल अंगणात गंजते. तू गप्प राहू नकोस. या रविवारी माप घे आणि आकडा मला कळव. सीटचे पैसे मी देणार आहे, दादाला तसं सांगून ठेव.

तुझी,
आत्या