चैत्रांतील द्राक्षवेलीची छाटणी

चैत्र उजाडला म्हणजे झाडांस नवी पालवी फुटते व ती पाहून सर्वांस आनंद होतो. नाशिककडील द्राक्षबागाईतदार मात्र याच सुमारास हातीं कात्री घेऊन हिरव्या वेली छाटीत असतो. पाहणारास हें कृत्य निर्दयपणाचें वाटतें. त्यांतील मर्म आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

फ्रान्स, इटली इत्यादि देशांत थंडीच्या कडाक्यानें द्राक्षवेलीचीं पानें गळतात व ती निद्रित होते. तेथें मुख्य छाटणी एकच, व तीही वसंतांत फूट निघण्यापूर्वीं करितात. नाशिकची थंडी वेलीस झोंपविण्याइतकी कडक नसते. म्हणून तिच्या वर्षाचे दोन भाग मनुष्यासच कात्रीनें पाडावे लागतात. एप्रिलमधील छाटणीस ‘खरड छाटणी’ व ऑक्टोबरमधील छाटणीस ‘गोडी छाटणी’ असें म्हणतात.

फळांची तोड संपल्यावर वेलीस सुमारें १५ ते २० दिवस विसांवा देतात. नंतर ओलांड्यावरील, म्हणजे मांडवावर आडव्या पसरलेल्या जाड फांदीवरील, प्रत्येक काडी बुडाशीं एक-दोन डोळे राखून छाटतात. छाटलेल्या काड्या व पानें बागेबाहेर नेतात. खोडाची सुटलेली साल काढून टाकतात, कारण तिच्याखालीं पिठ्या ढेंकूण दडून राहतो. मग खोडास व ओलांड्यांस मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण लावितात. बुरशीवरील हें औषध बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलें.

या छाटणीनंतरच्या फुटीवर फळ घेत नाहींत. सहा महिने केवळ खर्च दिसतो. म्हणून हात आखडता घेण्याचा मोह होतो. परंतु पुढील पिकाचा निकाल याच काळांत लागतो. छाटणीनंतर सुमारें ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांमध्यें भावी घडाची घडण होते. त्या कामीं भरपूर सूर्यप्रकाश लागतो. यास्तव दाट झालेल्या फुटी वेळींच विरळ करितात. छाटणीस महिनाभर विलंब झाला, तर हा नाजूक काळ आषाढाच्या ढगाळ हवेंत सांपडतो, आणि पुष्कळ डोळ्यांत घडाऐवजीं नुसती बाळी, म्हणजे आधार धरणारा तंतु, तयार होते. हें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं. ऑक्टोबरमध्यें छाटून नवी फूट निघाली म्हणजेच तें उघड होतें. आणि तेव्हां उपाय उरलेला नसतो.

घरच्या बागेंतील मोगरा किंवा गुलाब छाटतांनाही वाचकांनीं प्रथम हेंच पाहावें, कीं फूल कोणत्या काडीवर येणार. या दोन्ही झाडांस फुलें बहुधा नव्या फुटीवर येतात. म्हणून त्यांची योग्य वेळीं केलेली छाटणी त्यांस हितकारकच होते. कात्री चालविण्यास बळ थोडें लागतें. केव्हां व कोठें चालवावी, हें समजण्यास मात्र झाडाचा स्वभाव जाणावा लागतो.