मळवलीचा छापखाना आणि रविवर्म्यावरील आक्षेप

पिंपरी-चिंचवडहून लोणावळा लोकल पकडली की कामशेतनंतर मळवली लागते. कार्ले-भाजे लेण्यांसाठी तेथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की राजा रविवर्म्याचा छापखाना १८९९ साली मुंबईहून या मळवलीजवळ आला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. त्याच्या अर्धशतक आधी याच रेल्वेमार्गावर देवादिकांच्या तसबिरी यंत्रावर निघत होत्या.

रविवर्म्याचा जन्म १८४८ साली त्रावणकोर संस्थानात किळिमानूर येथे झाला. तैलरंगाचे तंत्र युरोपीय, विषय मात्र शकुंतला, दमयंती, सरस्वती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्याने चौदा पौराणिक चित्रे काढली. पण राजवाड्यातले चित्र कितीजण पाहणार? चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असे दिवाण टी. माधवरावांनी त्याला पूर्वीच सुचविले होते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला आणि यंत्रे व कारागीर जर्मनीहून आणले.

हे काम सोपे नव्हते. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती उतरवायची. दगड ओला केला की पाणी मोकळ्या जागी राहते आणि छपाईची शाई केवळ रेघांवर बसते. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड. कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा, आणि एकदा जरी किंचित सरकला तरी लक्ष्मीचे ओठ गालावर! आमच्या भागात शॉपफ्लोअरवर काम केलेल्या कोणालाही यातली मेहनत समजावून सांगावी लागणार नाही.

आक्षेप आले ते विद्वानांकडून. आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आणि बंगालच्या नव्या चित्रसंप्रदायाचे म्हणणे असे, की हे परक्याचे अनुकरण आहे, नाटकी आहे. यात देवाचे देवपण उरत नाही. पुढे ‘कॅलेंडर आर्ट’ हा शब्द तर शिवीसारखाच वापरला गेला. यातले काही मला पटते. त्याच्या कित्येक नायिका रंगभूमीवर पडदा वर जाण्याची वाट पाहत उभ्या असल्यासारख्या वाटतात. शिवाय त्याच्या देवी बहुधा गोऱ्यापान आणि दागिन्यांनी मढलेल्या. शेतात राबणारी बाई त्यांत स्वतःला कोठे शोधणार?

तरीही एक गोष्ट विद्वानांच्या हिशेबात आलेली दिसत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह करावा लागला. छापील तसबीर मात्र विकत घेणाऱ्याला जात विचारीत नव्हती. आमच्या घरी पुस्तक नव्हते, पण भिंतीवर कमळातली लक्ष्मी होती. तिला कलेत बसवावे की नाही हा वाद आमच्या घरात कधीच झाला नाही. तो मी कॉलेजात आल्यावर ऐकला.

छापखान्याने मात्र रविवर्म्याला कर्जात लोटले. त्याने तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि १९०६ साली तो वारला. याच छापखान्यात काही काळ दादासाहेब फाळके काम करीत होते. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. सरकारने १९७९ साली रविवर्म्याची चित्रे राष्ट्रीय ठेवा ठरवून परदेशी नेण्यास बंदी घातली. मळवलीचा छापखाना त्याआधीच, १९७२ साली, आगीत भस्मसात झाला होता आणि त्यात पुष्कळसे दगडही गेले.