सुट्या डायपरची पारख मीठपाण्याने करा

आपल्या बऱ्याच दुकानदार बांधवांकडे सुटे डायपर किलोच्या भावाने येतात. विकणारा नळाचे पाणी ओतून माल दाखवतो आणि सौदा होतो. ही परीक्षा आम्हाला अपुरी वाटते.

डायपरचे मुख्य थर तीन. आत पॉलिप्रॉपिलिनचे न विणलेले कापड, बाहेर प्लास्टिकचा पातळ पडदा, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा भरणा. खरी किंमत या भरण्यात मिसळलेल्या पांढऱ्या दाण्यांची, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची. शुद्ध पाणी हे दाणे स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितात, नळाचेही बरेच. पण लघवीत क्षार असल्याने ही ताकद ३०-४० पटींच्या आसपास उतरते. नुसता लगदा बाळ बसले की ओल सोडतो, दाणे धरून ठेवतात. तेव्हा जाड तो चांगला, हे गिऱ्हाईकाला सांगणे म्हणजे मापात मारणेच.

एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा. मोठ्या मापाच्या डायपरवर २०० मिली ओता. दहा मिनिटांनी टीपकागद ठेवून वर दोन किलोचे वजन ठेवा. कागद चिंब झाला तर दाणे कमी समजावे. सुट्या मालात निरनिराळे लॉट मिसळलेले असतात, म्हणून प्रत्येक गोणीतले तीन-चार नग तरी तपासावेत.