लशीचा प्रवास

लस ही वस्तू आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तान्हेपणी ती आपल्या दंडावर अगर मांडीवर टोचली गेली, व क्षयप्रतिबंधक लशीचा डाव्या दंडावरील वण आमच्या बहुतेक वाचकांस आजही दाखविता येईल. परंतु त्या दिवशी आरोग्यसेविकेने पेटीतून जी इवलीशी बाटली बाहेर काढली, ती कोठून आली, किती हातांतून आली, आणि वाटेत तिला कोणत्या स्थितीत सांभाळावे लागले, ह्याचा विचार फारच थोड्यांनी केला असेल. लशीच्या शोधाची हकीकत पाठ्यपुस्तकांत येते. तिच्या वाहतुकीची हकीकत सहसा येत नाही. ती आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

लस पोहोचविण्याची अडचण लशीइतकीच जुनी आहे. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर ह्यांनी १७९६ साली गोदेवीची लस प्रथम एका मुलास टोचली. तिचा लौकिक सर्वत्र झाला. पण ती हिंदुस्थानात आणावयाची कशी? जहाजाच्या लांबच्या सफरीत उष्म्याने तिचे तेज नाहीसे होई. अखेर व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो ह्यांनी ती काचांमध्ये बंद करून, मेणाने लिंपून, बगदादेस धाडली. तेथून ती बसऱ्यास गेली, बसऱ्याहून जहाजाने मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. हिंदुस्थानात लस यशस्वी झाली ती प्रथम ह्या मुलीच्या दंडावर. पुढे तिच्या फोडातील लस दुसऱ्या मुलांस, त्यांची तिसऱ्यांस, अशा क्रमाने ती पुणे, सुरत, हैदराबाद व मद्रास येथवर पोहोचली. ह्याच सुमारास, १८०३ च्या नोव्हेंबरात, स्पेन देशाने अमेरिकेतील आपल्या मुलखांकडे जे जहाज धाडले, त्यावर बावीस अनाथ मुलगे होते. समुद्रावर ठराविक दिवसांनी दोघादोघांस लस टोचून ती जिवंत राखली गेली. त्या काळी निरोगी मूल हीच लशीची पेटी होती! त्या अजाण लेकरांचे पुढे काय झाले, हे विचारणारे तेव्हा फार कोणी नव्हते, हे वाचून आम्हांस आजही वाईट वाटते.

आता पेटी बदलली, परंतु प्रश्न तोच आहे. लस हा सजीव सृष्टीतून निघालेला पदार्थ आहे. गोवर-रुबेलाची लस किंवा पोलिओचे थेंब ह्यांत दुर्बल केलेले, पण जिवंत विषाणू असतात. घटसर्प व धनुर्वात ह्यांच्या लशीत त्या जंतूंचे निर्विष केलेले विष असते. हे पदार्थ उष्म्याने बिघडतात. म्हणून बालकांस द्यावयाच्या बहुतेक लशी कारखान्यापासून मुलाच्या दंडापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस ह्या उष्णतामानात राखाव्या लागतात. ह्या अखंड व्यवस्थेस शीतसाखळी असे नाव आहे.

येथे कित्येकांचा असा समज होतो की, थंडीच जर लशीस मानवते, तर जितकी अधिक थंडी तितके बरे. हा समज अत्यंत घातक होय. सर्व लशींची प्रकृती एकसारखी नसते. पोलिओचे थेंब गोठविले तरी बिघडत नाहीत. मोठ्या भांडारांत ते शून्याखाली १५ ते २५ अंशांवरच ठेवतात. मात्र ३७ अंशांच्या उष्म्यात ते दोनच दिवसांत क्षीण होतात. याच्या उलट काविळीची (हिपॅटायटिस ब) लस तेवढ्याच उष्म्यात महिनाभर तग धरू शकते, पण एकदा गोठली की ती कायमची वाया गेली. ह्याचे कारण असे की, अशा लशींत अ‍ॅल्युमिनिअमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असून त्यांस औषधी द्रव्य चिकटलेले असते. लस गोठली म्हणजे हे कण एकमेकांस बिलगून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि मग ती वितळविली तरी पूर्वस्थिती येत नाही. नासलेले दूध कितीही घुसळले तरी एकजीव होत नाही, तसेच हे. उन्हाचे भय सर्वांसच असते. बर्फाचे भय शिकवावे लागते. निरनिराळ्या देशांत केलेल्या पाहण्यांत वाटेत अगर साठ्यात लस गोठल्याचे वारंवार आढळले आहे, आणि ते पुष्कळदा लस थंड राखण्याच्या अति उत्साहापोटीच.

बरे, बिघडलेले दूध वासावरून कळते, आंबलेले वरण चवीवरून कळते. लशीचे तसे नाही. निर्जीव झालेल्या गोवराच्या लशीचा रंग तोच व बाटलीही तीच. चार मैल चालून आलेली माता मुलास लस टोचून घेऊन समाधानाने घरी जाते. कार्डावर नोंद होते. परंतु मुलाच्या देहात गेले ते जवळजवळ पाणीच. पुढे गोवराची साथ आली आणि मूल आजारी पडले, म्हणजे ती माता शीतसाखळीस दोष देणार नाही, कारण तिने ते नावही ऐकलेले नसते. ती म्हणेल की लशीत काही अर्थ नाही; आणि तिचे ऐकून शेजारच्या दहाजणी आपली मुले घरीच ठेवतील. निष्काळजीपणाचे फळ याहूनही भयंकर असू शकते. २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण सुदानातील एका खेड्यात गोवराच्या मोहिमेनंतर १५ मुले दगावली. चौकशीत असे आढळले की, मूळ लशीत दोष नव्हता. पण लस कालविण्यास चारही दिवस एकच सिरिंज वापरली गेली होती, व लस थंडीवाचून पडून राहिली होती. तीत जंतू शिरले आणि औषधाचेच विष झाले.

आपल्या देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली व सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. दर वर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बालकांस लस पोहोचवावयाची, हे काम केवढे प्रचंड! कारखान्यातून निघालेली लस प्रथम कर्नाल, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील सरकारी भांडारांत येते. तेथून राज्याच्या, विभागाच्या व जिल्ह्याच्या भांडारांतून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचते. मोठ्या भांडारांत माणूस आत शिरू शकेल एवढ्या शीतखोल्या असतात. पण आम्हांस कौतुक वाटते ते आरोग्य केंद्रातील त्या पांढऱ्या, बुटक्या पेटीचे, जिला तेथील मंडळी नुसते ‘आयएलआर’ म्हणतात. ही बर्फाचे अस्तर असलेली शीतपेटी होय. तिचे झाकण वरून उघडते. थंड हवा जड असल्याने ती तळाशी बसून राहते, व झाकण काढले तरी हौदातील पाण्याप्रमाणे आतच टिकते. आपल्या घरच्या शीतकपाटाचे दार उघडावे, तर ती पायांवरून वाहून जाते. शिवाय भिंतींतील बर्फामुळे चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ह्या पेटीचे काम निभते. खेड्यापाड्यांतील विजेचा लहरीपणा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस ह्या गुणाची किंमत सांगावयास नको.

ह्या पेटीतही बाटल्या कशाही भरून चालत नाही. तळ सर्वांत थंड, म्हणून गोठण्याने बिघडणाऱ्या लशी वरच्या टोपलीत व पोलिओचे थेंब खाली ठेवावयाचे. पेटीत पिण्याचे पाणी अगर डबा ठेवण्यास सक्त मनाई असते. आत उष्णतामापक टांगलेला असतो आणि त्यावरील आकडा दिवसातून दोनदा वहीत टिपावा लागतो, रविवार असो वा दिवाळीचा पाडवा. ज्यांच्या घरी शीतकपाट आहे, त्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून एक प्रयोग अवश्य करून पाहावा: एक उष्णतामापक प्रथम दाराच्या फळीवर, मग मधल्या कप्प्यात, मग बर्फाच्या कप्प्यालगत ठेवून प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून घ्यावा. एकाच कपाटात किती ऋतू नांदतात हे पाहून त्यांस आश्चर्य वाटेल, आणि लस दाराच्या फळीवर ठेवणे का वर्ज्य आहे हेही उमजेल.

आरोग्य केंद्रापासून पुढचा टप्पा लहान दिसतो, पण खरी कसोटी तेथेच लागते. लसीकरणाच्या दिवशी सकाळी एक मनुष्य लशीची हातपेटी घेऊन मोटारसायकलने, किंवा रस्ता नसेल तेथे पायी, गावोगाव निघतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरांतील पाडे व नर्मदेच्या जलाशयाकाठची गावे अशी आहेत की, तेथे पायवाट संपली म्हणजे होडीतही बसावे लागते. हातपेटीत बर्फाच्या चार चपट्या डब्या असतात. त्या गोठणपेटीतून काढल्याबरोबर आत घालावयाच्या नाहीत. तसे केल्यास लागून असलेली लस गोठते. त्या मेजावर मांडून ठेवाव्या, अंगावर घामासारखे पाणी सुटू द्यावे, आणि कानाशी हलवून आत पाणी खुळखुळले म्हणजेच भराव्या. गाडी बाहेर उभी आहे, उशीर होत आहे, अशा वेळी त्या खुळखुळण्याची वाट पाहत थांबणे हे सोपे काम नव्हे. ते नीट केले, व पेटी वरचेवर उघडली नाही, तर सुमारे बारा तास लस सुरक्षित राहते. गोवर-रुबेलाची लस एकदा कालविली की मात्र चार तासांच्या आत संपवावयाची. उरली तर टाकून द्यावयाची, तिचा लोभ धरावयाचा नाही.

न दिसणारा बिघाड दिसावा, ह्यासाठी दोन युक्त्या निघाल्या आहेत. पहिली बाटलीवरच चिकटवलेली असते. गडद वर्तुळाच्या आत एक फिका चौकोन असतो. बाटलीने सोसलेला उष्मा जसजसा साठत जातो, तसतसा तो चौकोन काळवंडतो, व पुन्हा थंड केल्याने उजळत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली बाद. १९९६ साली पोलिओच्या बाटल्यांवर ही खूण प्रथम आली, व आता आपल्या कार्यक्रमातील बहुतेक लशींवर ती दिसते. पालकांनी ती पाहण्याची इच्छा दर्शविली, तर आरोग्यसेविका आनंदाने दाखवील; तसे विचारण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. परंतु ही खूण उष्म्याचीच साक्ष देते, गोठण्याविषयी ती मुकी आहे. त्यासाठी दुसरी युक्ती, म्हणजे हलवून पाहण्याची कसोटी. त्याच गटातील एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवावी, संशयित बाटलीबरोबर तिलाही जोराने हलवावे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाव-अर्धा तास पाहत राहावे. गोठलेल्या बाटलीत गाळ झपाट्याने तळाशी बसून वर निवळ पाणी राहते. संशयित बाटलीनेही तसेच केले, तर तो सारा गट बाद समजावा. ह्यात यंत्र नाही, खर्च नाही, केवळ डोळे व थोडा धीर पुरतो.

थंडी राखली म्हणजे काम संपले असेही नाही. लस वेळेवर व योग्य प्रमाणात असावयास हवी. कमी आली तर माता रिकाम्या हाताने परततात, आणि एकदा परतलेली माता पुन्हा येईलच असा भरवसा नसतो. जास्त आली तर मुदत संपून वाया जाते. म्हणून ज्या बाटलीची मुदत आधी संपते ती आधी काढावयाची, असा नियम आहे. आमच्या आजीबाईंच्या धान्याच्या कोठारात हाच नियम चाले. पूर्वी ह्या सर्वांचा हिशेब वहीत असे, व जिल्ह्यास तो कळेपर्यंत महिना उलटे. २०१५ पासून ‘ई-व्हिन’ ह्या व्यवस्थेमुळे भांडारी आपला साठा मोबाईल फोनवर नोंदवितो, आणि शीतपेटीतील उष्णतामान आपोआप वरिष्ठांस कळते. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा ह्याच पेट्या व हीच माणसे उपयोगी पडली. पुण्यात तयार झालेली लसही २ ते ८ अंशांवर राहणारी असल्याने आधीच्या साखळीतूनच ती खेड्यांपर्यंत गेली.

असे असता ह्या साखळीस बळकटी आणावयाची म्हणजे काय करावयाचे? नवी यंत्रे घेणे हा मार्ग सर्वांस चटकन सुचतो, कारण यंत्राचे उद्‍घाटन करता येते. आमच्या मते मात्र जिल्ह्याचा शीतयंत्र-दुरुस्तीकार, त्याच्या प्रवासाचा भत्ता, वेळेवर मिळणारे सुटे भाग आणि विजेचा दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर ह्यांकडे पैसा प्रथम वळावा. बंद पडलेली पेटी दुरुस्तीवाचून कोपऱ्यात उभी असली, तर तिच्याशेजारी दुसरी आणून काय साधणार? तीच गोष्ट वहीतील आकड्यांची. दोनदा पाहावयाचा आकडा न पाहताच भरला, तर वही सुंदर दिसते आणि लस बिघडते. महिनाभर रोज नेमका एकच आकडा लिहिलेली वही पाहणाऱ्या अधिकाऱ्यास संशय यावयास हवा.

दुसरा मार्ग लशीसच कणखर करण्याचा. देवीची वाळविलेली लस उष्म्यात टिके, म्हणूनच ती बर्फावाचून दूरदूरच्या खेड्यांत पोहोचू शकली, व १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. अलीकडचे उदाहरण आपल्या पुण्याशी संबंधित आहे. आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या साथींसाठी सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली मेनअ‍ॅफ्रिव्हॅक ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस टिकते असे परीक्षणान्ती ठरले, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात बेनिन देशात ती बर्फाच्या डब्यांवाचून खेड्यांत नेण्यात आली. सध्या गोवर-रुबेलाची लस सूक्ष्म काट्यांच्या चिकटपट्टीवर बसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. ही पट्टी मनगटावर थोडा वेळ दाबून धरावयाची, सुई नाही की कालविणे नाही. गँबिया देशात लहान मुलांवर झालेल्या तिच्या पहिल्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. अशी पट्टी आपल्या आरोग्य केंद्रांत येण्यास अजून काही वर्षे लागतील. तोपर्यंत सातपुड्यात पायवाटेने निघालेल्या माणसाच्या खांद्यावर ती चार डब्यांची पेटी राहणारच.