सातारा-सांगली, चार दिवस : माणशी किती?

चार-पाच जिवलग माणसं, एक गाडी, कुठेही वेळेवर पोचायची सक्ती नाही आणि दिवाळीनंतरचा हिरवा-सोनेरी मुलूख. असा बेत आखायला सातारा-सांगलीसारखे जिल्हे नाहीत. पण बेत जमला की कोणीतरी विचारतंच, ‘कॉन्ट्री किती काढायची?’ उत्तर बहुधा अंदाजपंचे मिळतं आणि तिसऱ्या दिवशी हिशेबावरून कुरबुर सुरू होते. म्हणून आधी हिशेब, मग बॅगा.

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो. या दोन जिल्ह्यांत ‘बघायचं’ फार स्वस्त आहे. निम्म्याहून अधिक ठिकाणी तिकीटच नाही आणि जिथे आहे तिथेही ते चहा-नाश्त्याच्या पैशांत बसतं. पैसे जातात ते तीन गोष्टींत : गाडी कोणाची, मुक्काम कुठे आणि वार कोणता. यातली वाराची गोष्ट लोक सगळ्यात कमी मनावर घेतात. शनिवार-रविवार टाळलात तर मुक्कामाचा खर्च चांगलाच उतरतो आणि घाटात मागचा हॉर्न मारत नाही.

हिशेबासाठी पुण्याहून निघणारा मार्ग धरू. पहिल्या दिवशी पुणे ते सातारा, वाटेत लिंबची बारामोटेची विहीर, दुपारनंतर ठोसेघर-सज्जनगड. दुसऱ्या दिवशी यवतेश्वर घाटाने कास आणि पुढे बामणोली. तिसऱ्या दिवशी महामार्ग सोडून कोरेगाव-रहिमतपूरवरून औंध, तिथून कडेगावकडे सागरेश्वर, मग औदुंबर आणि सांगली. चौथ्या दिवशी मिरज, हरिपूर आणि आष्टा-पेठ नाक्याने परत. इकडचं-तिकडचं भटकणं धरून साडेसहाशे ते सातशे किलोमीटर. महाबळेश्वर मुद्दाम वगळलं आहे. तिथे जायचं तर फक्त महाबळेश्वरला जावं, त्याला या प्रवासात कोंबू नये. पैसे दुप्पट लागतात आणि अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात जातो.

पुढचे दर 2025 च्या सुमाराचे, बोलून ठरवण्याचे आहेत. हंगामाप्रमाणे दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे धरा.

स्वतःची गाडी असेल तर सातशे किलोमीटरला, लिटरमागे 15 चं ॲव्हरेज आणि पेट्रोल 105 रुपयांच्या आसपास धरून, 4,900 रुपये होतात. टोलनाके जाताना दोन (खेड-शिवापूर, आणेवाडी) आणि येताना तीन, कारण परतीला पेठ नाक्यावर महामार्गाला लागलात की तासवडेही लागतो. सगळे मिळून पाचशेच्या घरात. फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर ही बाब जवळपास पुसली जाते. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी मोटारींसाठी वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते, अशी ही सोय आहे; सुरुवातीला ती 3,000 रुपयांत होती. ती राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांसाठी आहे, त्यामुळे मुंबईकरांनी द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा धरावा. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर टोल जास्त भरावा लागतो; 2025 अखेरच्या नियमाप्रमाणे रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. निघण्याआधी शिल्लक बघा.

आता थोडं नाजूक. मित्राची गाडी असते तेव्हा सगळे पेट्रोल वाटून घेतात आणि हिशेब मिटला म्हणतात. तो मिटलेला नसतो. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, कासच्या दगडी वाटेवर घासलेला बंपर हे सगळं एकट्या गाडीवाल्याच्या खिशातून जातं. किलोमीटरमागे अडीच रुपये झिजेचे म्हणून कॉन्ट्रीत धरावेत. सातशेला 1,750. तो ‘राहू दे रे’ म्हणेल, तरी द्यावेत. म्हणजे पुढच्या वर्षीही गाडी निघते. पार्किंगचे तीनशे धरून वाहनखर्च साधारण साडेसात हजार, पाच जणांत माणशी दीड हजार. छोट्या गाडीत मागे मधल्या जागेवर जो बसणार त्याने आपलं म्हणणं निघण्याआधीच मांडावं.

भाड्याची गाडी घेतली की गणित बदलतं, आणि इथेच निवांत फिरणाऱ्याला फटका बसतो. सात आसनी गाडीचा दर किलोमीटरला 15 ते 18 रुपये सांगतात. तो ऐकून माणूस सातशे गुणिले सोळा असा हिशेब करतो आणि 11,200 वर खूश होतो. पण भाड्याला रोजचं किमान अंतर असतं, कुठे 250, कुठे 300 किलोमीटर. चार दिवसांचे 300 प्रमाणे 1,200 किलोमीटर, म्हणजे सोळाच्या दराने 19,200 रुपये. तुम्ही दुसऱ्या दिवशी बामणोलीला पाण्याकाठी बसून राहिलात आणि गाडी दिवसभरात 75 किलोमीटरच फिरली, तरी पैसे तीनशेचेच. त्यावर चालकाचा भत्ता दिवसाला चारशेच्या आसपास, आणि टोल तुमचाच. एकूण साडेएकवीस हजारांच्या घरात, सहा जणांत माणशी 3,600.

याला दोन उपाय आहेत. पहिला, सरळ विचारायचं, ‘रोजावर गाडी द्याल का? डिझेल आमचं.’ गावाकडचे गाडीवाले याला सहज तयार होतात, मोठ्या शहरातले सहसा नाहीत. दुसरा, रेल्वेने जायचं. पुणे-मिरज मार्गावर सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज अशी स्थानकं ओळीने आहेत. साताऱ्यात उतरून दोन दिवस तिथलीच गाडी घ्या, मग रेल्वेने सांगलीला जा आणि तिथे एका दिवसासाठी दुसरी घ्या. ठोसेघर-सज्जनगड किंवा कास-बामणोली अशा एका दिवसाला सातारची सात आसनी गाडी तीन-साडेतीन हजारांत ठरते. औंध मात्र यात सुटतं. साताऱ्याचं स्थानक शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, रिक्षाचे पैसे वेगळे धरा.

गाडी ठरवताना फोनवर बोलणं झालं की लगेच तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा : किमान किलोमीटर किती, मोजणी कुठून (तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून), रात्रीचा आकार किती वाजल्यानंतर, चालकाच्या जेवणा-झोपण्याची सोय कोणाकडे, घाटात एसी चालू राहणार की नाही. समोरून ‘ओके’ आलं की वादाला जागा राहत नाही. आणि पाटी पिवळी हवी. ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी हजार-दोन हजारांनी स्वस्त पडते, पण खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. मिरजेपासून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे जायचा मोह होणार असेल तर तेही आधी सांगा, कारण भाड्याच्या गाडीला तिथला कर भरावा लागतो.

मुक्कामाचं सांगायचं तर साताऱ्यात आणि सांगलीत दोघांची बरी, स्वच्छ खोली आडवारी दोन हजारांच्या आसपास मिळते, जादा गादीचे पाचशे. पाच जणांना दोन खोल्या आणि एक गादी, रात्रीचे 4,500. तीन रात्रींचे 13,500, त्यावर जीएसटी. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला हा कर 12 ऐवजी 5 टक्के झाला आहे. बिलात जुनाच आकडा दिसला तर विचारा. कर धरून माणशी 2,850 धरू. बामणोली-तापोळ्याकडे तंबूत राहायचं असेल तर जेवणासकट माणशी हजार ते दीड हजार सांगतात. तंबू बघताना आधी संडास बघावा, तलाव नंतर.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला मुक्काम सज्जनगडावरचा. तिथे भक्तांसाठी राहण्याची सोय आहे, प्रसादाचं जेवण आहे आणि देणगी आपल्या मनाची. मात्र गडाचे दरवाजे रात्री बंद होतात, पायऱ्या चढाव्या लागतात आणि तिथली शिस्त पाळावी लागते. पत्त्यांचा डाव टाकून मध्यरात्रीपर्यंत जागायचं असेल तर खाली शहरात राहा, गडावर जाऊन कोणाची झोप मोडू नका.

आता तिकिटं. लिंबची विहीर फुकट. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 दरम्यान विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी बांधणी आणि विहिरीतच महाल. महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात, आत वळणाऱ्या थोड्याच. ठोसेघरच्या धबधब्याला किरकोळ तिकीट. कासला फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गेल्या काही वर्षांत माणशी शंभर ते दीडशे रुपये घेतले जातात, पार्किंग वेगळं. रोजची संख्या मर्यादित असते, त्यामुळे नोंदणी ऑनलाइन करून निघा. हे पैसे आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती घेते, त्यावर घासाघीस करू नका. 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार तुडवलं जाऊ नये म्हणून राबणारी माणसं याच गावांतली आहेत. नोव्हेंबरात गेलात तर फुलं नसतात, पण पठार, तलाव आणि वारा तुमचाच असतो.

बामणोलीला बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे असतं. छोटी फेरी हजार-दीड हजारांत होते. वासोटा किल्ल्याला न्यायची, थांबायची आणि परत आणायची बोट साडेतीन ते पाच हजारांच्या आसपास जाते आणि वनखात्याचं परवाना शुल्क वेगळं. दोघंच असाल तर काठावर आणखी कोणी सोबतीला मिळतंय का बघा, अर्ध्या पैशांत काम होतं. लाइफ जॅकेट अंगावर घातल्याशिवाय बोट सोडू देऊ नका. वासोटा पावसाळ्यात बंद असतो. बामणोलीला निघताना साताऱ्यातच गाडीची टाकी भरून घ्या, पुढे पंपाची आशा धरू नका.

औंधला राजवाड्याच्या मागे टेकडीवर यमाईचं देऊळ आणि वाटेत श्री भवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं. रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प एका खेड्यात, तेही नाममात्र तिकिटात, बघायला मिळणं ही चैनच आहे. साप्ताहिक सुटी विचारून जा. सागरेश्वर अभयारण्यात माणशी आणि गाडीमागे थोडं शुल्क आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं हे कुंपणातलं जंगल. इथे चितळ आणि सांबर दिसतात, पण सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.

औदुंबरला दत्ताच्या देवळासमोर कृष्णेचा घाट, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची दुकानं. तिन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतात. पाहू द्यावं अशी विनंती करा, विकत घ्यायचं नसेल तर भाव विचारून त्यांचा वेळ घेऊ नका. तिकिटं आणि बोट मिळून माणशी सातशे पुष्कळ झाले.

जेवणाला दिवसाला माणशी सहाशे धरा, चार दिवसांचे 2,400. नाश्ता साठ-सत्तर, थाळी दीडशे ते अडीचशे आणि उरलेले चहात जातात. परतीच्या वाटेवर इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, ते कराड पट्ट्यात कोणत्याही गर्दीच्या ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी मागवा. या भागाची ही खरी ओळख आहे आणि पोटभर जेवण दोनशेच्या आत उरकतं. हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. टीप द्यायची तर वाढणाऱ्याच्या हातात द्या.

या सगळ्याची बेरीज : स्वतःच्या गाडीने पाच जण असतील तर माणशी साडेसात हजार. भाड्याच्या गाडीने सहा जण आणि तीन खोल्या असतील तर पावणेदहा हजारांच्या पुढे. खरेदी यात नाही. साताऱ्याचे कंदी पेढे किलोला पाचशे-सहाशे, सांगलीची भडंग अडीचशे-तीनशे. हळद घ्यायची तर बाजारपेठेतून, दळून देणाऱ्याकडून घ्या. सांगलीच्या हळदीला मानांकन आहे, पण रस्त्याकडेच्या प्रत्येक पुडीला ते लागू होत नाही. तासगावच्या बाजूचा नवा बेदाणा मार्च-एप्रिलात येतो. त्याआधी ‘ताजा माल’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे व्हा.

दोन सावधगिऱ्या खर्चाशीच जोडलेल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी आलं की सांगलीकडचे रस्ते बंद पडतात, 2019 आणि 2021 सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवसांत पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या. आणि ऊसतोडीच्या हंगामात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चाललेले असतात. एका धडकेत चार दिवसांचा हिशेब वाहून जातो. सातनंतर जिथे असाल तिथे थांबा.

कॉन्ट्री निघायच्या आदल्या दिवशी एकाच्या खात्यावर जमा करा, दहा टक्के जास्तच, आणि खर्च त्या एकानेच करावा. हॉटेल, गाडी, बोट यांची बिलं फोटो काढून ठेवा. कोणी ठरल्यापेक्षा जास्त पैसे उकळले आणि बोलून सुटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार करता येते. तिथे तुमच्याकडे पहिल्यांदा बिलच मागतात.