आधी घरे, मग चर्च



१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे जपानमधील कोबे शहराला भूकंपाचा तडाखा बसला. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. ताकातोरी येथील आपले कॅथॉलिक चर्च भूकंपानंतर लागलेल्या आगीत जळून खाक झाले. त्या धर्मग्रामात व्हिएतनाममधून आलेले निर्वासित होते. त्यांच्याविषयी वाचून शिगेरू बान नावाचे वास्तुविशारद टोकियोहून तेथे गेले आणि धर्मगुरूंना म्हणाले, कागदी नळ्यांचे चर्च बांधू या. चर्च आगीत गेलेले, आणि हा गृहस्थ कागद घेऊन आलेला! फादरांनी त्यांना वेड्यात काढले. (आम्ही असतो तर चहा पाजून निरोप दिला असता.)

बान मात्र येत राहिले. व्हिएतनामी कुटुंबे उद्यानात प्लास्टिकच्या कापडाखाली दिवस काढत होती. चर्च बाजूला ठेवून बान यांनी आधी घरे हाती घेतली. कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात, तशा जाड पुठ्ठ्याच्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या करून भिंती केल्या. फटींत पाणी शिरू नये म्हणून स्पंजची पट्टी लावली. पायाला बिअरचे रिकामे क्रेट, त्यांत वाळू. सुमारे चार मीटर लांब-रुंद एवढीच खोली, पण तिला दार होते, खिडकी होती. विद्यार्थ्यांनी ती स्वतःच्या हातांनी उभारली. सेमिनरीत आम्ही द्रव्य आणि रूप यांवर पानेच्या पाने लिहिली, पण पुठ्ठ्याचे घर होते हे त्यात कुठे नव्हते.

अखेर फादरांचा विश्वास बसला. पैसे तुम्ही जमवा, माणसे तुम्ही आणा, या अटीवर त्यांनी होकार दिला. ५८ नळ्यांचे चर्च पाच आठवड्यांत उभे राहिले. ते तीन वर्षांपुरते होते, दहा वर्षे टिकले. पुढे ते सुटे करून तैवानला दिले. तेथेही १९९९ मध्ये मोठा भूकंप झाला होता. चर्चचे बांधकाम म्हटले की आपला हात सढळ होतो, म्हणून ताकातोरीचा हा क्रम आम्हांला विशेष वाटतो.

२००१ च्या भूकंपानंतर बान भुजलाही आले. तेथे बिअरचे क्रेट नव्हते (गुजरातेत ते मिळणार कुठून!). मग पाया पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा केला, वर मातीची जमीन. छपराला बांबूच्या कमानी आणि वेताच्या चटया. दोन्ही टोकांना चटईच्या जाळीतून हवा खेळे. त्यामुळे बाईला आत चूल पेटवता येई, आणि धुराने डासही पळत.